फळीवरच्या अर्ध्या-अर्ध्या पुड्यांची बिस्किटं

दिवाळी संपली की फळीवर काय उरतं ते घरोघरी थोड्याफार फरकाने सारखंच असतं. करंज्यांसाठी आणलेला मैदा पाव किलोच्या आतबाहेर, दोन मुठी बारीक रवा, लाडवांचं बेसन, गाठी झालेली पिठीसाखर, सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी, चारोळी-खसखशीच्या पुड्या, चिवड्यातून उरलेलं डाळवं आणि बरणीच्या तळाशी चार चमचे तूप. माझ्याकडे हे जरा जास्तच साठतं. मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला कॉलेजच्या मुलांचे डबे करते, आणि सुट्टीत मुलं गावी गेली की भरून ठेवलेलं सामान तसंच राहतं. यातल्या एकाही पुडीत एक पदार्थ पुरता होईल एवढा ऐवज नसतो. म्हणून ती मागे सरकते, सरकत सरकत होळीपर्यंत जाते आणि शेवटी टाकून दिली जाते. पैसे देऊन आणलेलं, कुणीतरी पिकवलेलं धान्य असं गेलेलं मला बघवत नाही.

बिस्किटं हा त्यावरचा चांगला उपाय आहे, कारण बिस्किटाला अमुकच पीठ हवं असा हट्ट नसतो. त्याला प्रमाण लागतं. हे प्रमाण मला आईकडून आलं. पूर्वी मे महिन्यात बायका मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाया भाजून आणायच्या. आई घरून निघतानाच तोलून न्यायची: पीठ दोन भाग, साखर एक भाग, तूप एक भाग, सगळं वजनाने. भट्टी गेली, ओव्हन आला, प्रमाण तेच राहिलं. त्या दोन भाग पिठात काय काय बसवता येतं, एवढंच शिकायचं आहे.

पण त्याआधी नाक.

उरलेलं आणि बिघडलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पुडी उघडून, चिमूटभर तळहातावर घेऊन, चोळून वास घ्या. चोळायचं अशासाठी की हाताच्या उबेने तेलाचा वास वर येतो. सुकं खोबरं, शेंगदाणे, अक्रोड, तीळ, खसखस यांत तेल असतं आणि ते हवेने खवट होतं. खवटपणा वेलदोड्याने झाकला जात नाही, जायफळाने तर नाहीच. उलट ओव्हनमध्ये गरम झाल्यावर तो घरभर पसरतो. एक चमचा खवट खोबरं अख्ख्या घाण्याची चव घालवतं, तेव्हा इथे मन घट्ट करा आणि टाका. शेंगदाण्यावर काळी-हिरवी बुरशी दिसली तर निवडत बसू नका, सगळे टाका. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

बाजरीचं पीठ दळून पंधरा दिवस झाले असतील तर जिभेवर ठेवून बघा, ते बहुतेक कडू झालेलं असतं. कणीक त्यापेक्षा बरीच टिकते, पण पावसाळ्यात तिला कुबट वास येतो. मैदा आणि रवा चवीला टिकतात, त्यांचा धोका किड्यांचा. चाळणीत जाळी लागली, पिठाचे धाग्यांनी लोंबणारे गोळे दिसले, तर ते पीठ वापरायचं नाही. पिठीसाखरेच्या गाठींना मात्र घाबरू नका. त्या नुसत्या ओलाव्याने झालेल्या असतात. मिक्सरमध्ये एकदा फिरवून चाळून घेतलं की झालं.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर वर्षभर उघडी पडलेली असतात, त्यांचीही परीक्षा घ्या. सोड्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाका. लगेच फसफसलं तर ठीक, नाही तर नवी डबी आणा. फुगवणारी गोष्ट जुनी वापरण्यात काटकसर नाही.

आता प्रमाण. एका घाण्याला मी २०० ग्रॅम पीठ, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि १०० ग्रॅम तूप घेते. त्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ आणि चार-पाच वेलदोड्यांची पूड. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला. एवढ्यात सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गोळीची चोवीसएक बिस्किटं होतात. मीठ वगळू नका. गोड पदार्थात मीठ कशाला असं सासूबाई विचारायच्या, पण तेवढ्या चिमटीने तुपाची चव उठून येते.

वजनकाटा नसेल आणि वाटीने घ्यायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण नानकटाई ट्रेमध्ये पसरून पातळ होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. एक वाटी पीठ आणि एक वाटी तूप यांचं वजन सारखं नसतं. पिठात हवा असते, तूप भरीव असतं. वाटीभर तूप वाटीभर मैद्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास भरतं. तेव्हा वाटीच्या हिशेबात दोन वाट्या पीठ आणि एक वाटी पिठीसाखर असेल तर तूप अर्ध्या वाटीहून चमचाभर जास्त, एवढंच. वाटीला वाटी लावून तूप घातलं की ट्रेमध्ये बिस्किटांची एक सलग पोळी तयार होते.

२०० ग्रॅम पिठापैकी निम्मं तरी गव्हाचं हवं, म्हणजे मैदा किंवा कणीक. ते धरून ठेवतं. उरलेलं निम्मं तुमच्या पुड्यांमधलं. बेसन, नागली म्हणजे नाचणी, तांदळाचं पीठ, भगर म्हणजे वरी, राजगिरा यांत गव्हासारखा चिकटपणा नाही. ती निम्म्याच्या वर गेली की बिस्किट उचलताना हातात चुरा येतो. निम्म्याच्या आत राहिली की हाच स्वभाव उपयोगी पडतो आणि बिस्किट खुसखुशीत होतं.

प्रत्येक पिठाचं वागणं वेगळं आहे. बेसन कच्चं घालू नका. मंद आचेवर, तूप न घालता, लाडवाच्या निम्मं भाजा आणि पूर्ण थंड करा. ओव्हनमधल्या पंधरा मिनिटांत बेसनाचा कच्चेपणा जात नाही. रवा बारीकच हवा आणि ५० ग्रॅमच्या वर नको, तेवढ्याने छान कुरकुर येते. जाड रवा असेल तर मिक्सरमधून काढा. डाळवं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे दळून सरळ घालता येतं. ज्यांना बेसन भाजायचा कंटाळा आहे त्यांनी डाळव्याचंच पीठ घ्यावं, चव फार सुरेख लागते. नवरात्राच्या उपासांची भगर आपल्याकडे घराघरांत उरते. ती कोरडी भाजून, दळून ४० ग्रॅमपर्यंत घाला. बिस्किट हलकं आणि कडक होतं.

नागलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे आणि माझ्या फळीवर ती कायम असते. पेठ-सुरगाण्याकडची मुलं माझ्याकडे डबा लावतात. सुट्टीवरून येताना त्यांच्या आया आठवणीने नागलीची पिशवी देतात. भाकरीला वापरून जी उरते तिची बिस्किटं त्याच मुलांच्या डब्यात जातात. १०० ग्रॅम नागलीचं पीठ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजा, खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवलं तर खालचं करपतं. १०० ग्रॅम कणीक मिसळा. साखरेऐवजी १०० ग्रॅम गूळ, अगदी बारीक किसलेला. नागलीला गूळच शोभतो, साखरेने ती रुक्ष लागते. या मिश्रणात बेकिंग पावडर नको, नुसता पाव चमचा सोडा पुरतो, कारण गुळात थोडा आंबटपणा असतो आणि सोड्याला तेवढा पुरतो. हा गोळा कोरडा वाटला तर दूध एका वेळी एकच चमचा घाला. नागलीच्या बिस्किटांचा रंग मुळातच गडद असल्यामुळे भाजली का ते रंगावरून कळत नाही. एक उलटून खालची कड बघा आणि वासाकडे लक्ष ठेवा. गुळामुळे ती दोन-तीन दिवसांत थोडी मऊ पडतात. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्याला इलाज नाही. मला ती मऊच जास्त आवडतात.

तुपाकडे वळू. साजूक तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांश. लोण्यात किंवा विकतच्या बटरमध्ये सुमारे पाचवा हिस्सा पाणी आणि दुधाचा अंश असतो. त्यामुळे १०० ग्रॅम तुपाच्या जागी बटर घ्यायचं तर साधारण १२० ग्रॅम घ्या, आणि ते खारं असेल तर मीठ घालू नका. पाणी पिठाला लागलं की गव्हाचा चिकटपणा जागा होतो, म्हणून बटरचं बिस्किट थोडं चिवट-कुरकुरीत आणि तुपाचं बिस्किट भुसभुशीत होतं. दोन्ही चांगली. तूप कमी पडत असेल तर थोडं बटर, थोडं डालडा असं मिळून १०० ग्रॅम करायला हरकत नाही. चकल्या-शेव तळून उरलेलं तेल मात्र यात नको. त्याला तळणाचा वास असतो आणि तो जात नाही.

लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी जी बेरी राहते ती बहुतेक घरांत साखर घालून मुलांना देतात किंवा टाकून देतात. ती दोन चमचे या पिठात घालून बघा. भाजलेल्या दुधाची अशी खमंग चव येते की लोक विचारतात, खवा घातला का. बेरी आंबूस नको, ताजी हवी, आणि खोबऱ्यासारखाच तिचाही आधी वास घ्यायचा.

गोडासाठी पिठीसाखर सगळ्यात सोयीची. जाडी साखर नुसती घातली तर ती आत विरघळत नाही, भाजताना वितळते आणि बिस्किट पसरतं. दळून घ्या. फराळाच्या डब्यात फुटके बेसन लाडू असतील तर ते हातानेच मोडून घाला. बेसन लाडू म्हणजे भाजलेलं पीठ, तूप आणि साखर, जवळपास आपल्याच प्रमाणात. १०० ग्रॅम लाडवांचा चुरा, १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तूप आणि ४० ग्रॅम पिठीसाखर, सोडा-बेकिंग पावडर निम्मी. माझ्या घरी फराळाला नाकं मुरडणारी मंडळी ही बिस्किटं आधी संपवतात. शंकरपाळ्यांचा तळाचा चुरा दळून ५० ग्रॅम पिठाऐवजी चालतो, त्या वेळी साखर १५ ग्रॅम कमी करायची. पेढे-बर्फी घालायची असेल तर एखाददोनच, कारण खवा लवकर करपतो आणि बिस्किटं टिकतही नाहीत.

बेदाणे आपल्याकडे कुणा ना कुणा नातेवाइकाच्या बागेतून येतातच. मूठभर बेदाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, फडक्याने कोरडे पुसा, दोन तुकडे करा आणि चमचाभर पिठात घोळवून घ्या. गोळ्याच्या पोटात राहतील असे घाला. वर लावलेला बेदाणा ओव्हनमध्ये फुगतो आणि मग जळून कडू होतो. वर लावायला चारोळी, खसखस, पिस्त्याचे काप घ्या.

आता कृती, सुरुवातीच्या साध्या मिश्रणाची. सगळी पिठं, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र करून दोनदा चाळा. सोडा एका जागी राहिला तर तेवढ्याच बिस्किटावर तपकिरी ठिपका येतो आणि ते साबणासारखं लागतं. परातीत तूप घ्या. ते थिजलेलं पण मऊ हवं, बोट घातलं की सहज रुतेल असं. नाशिकच्या डिसेंबरात तूप दगड होतं, तेव्हा बरणी तासभर उन्हात ठेवा. गॅसवर वितळवू नका. मे महिन्यात उलट, तूप पातळच असतं, तेव्हा परात थंड पाण्याच्या ताटात ठेवून काम करा. तुपात पिठीसाखर घालून तळहाताने एकाच दिशेने फेसत राहा. पाच-सात मिनिटांत पिवळं तूप पांढरं आणि हलकं होतं, हातावरून सहज सुटतं. या फेसण्याने आत हवा शिरते, आणि बिस्किट हलकं होण्यात तिचा वाटा सोड्याहून मोठा आहे. इथे घाई करू नका. दंड भरून आले तर दोन मिनिटं थांबा, पुन्हा फेसा.

मग वेलदोडा आणि पीठ दोन-तीन हप्त्यांत घाला. इथून पुढे मळायचं नाही. पोळीच्या कणकेसारखा जोर लावलात तर बिस्किट कडक होतं. बोटांनी गोळा करत आणा, एकजीव झालं की हात काढा. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्याने दाबल्यावर कडेला किंचित भेगा पडल्या, की बरोबर जमलं. फारच सुटं वाटलं तर एक चमचा दूध. ओलसर-तेलकट वाटलं तर दोन चमचे पीठ. गोळा झाकून अर्धा तास ठेवा, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. रवा आणि बेसन तेवढ्या वेळात तूप पितात आणि पसरणं कमी होतं.

गोळ्या वळून हलक्या दाबा, वर चारोळी टोचा, बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये दोन बोटं अंतर सोडून मांडा. ओव्हन १७० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवलेला हवा. मधल्या कप्प्यात पंधरा ते अठरा मिनिटं. घरगुती ओटीजीत मागची बाजू बहुधा लवकर भाजते, म्हणून दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. पहिल्या घाण्यात सहाच बिस्किटं भाजा आणि तुमच्या ओव्हनचा स्वभाव बघा. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. माझं बेसनाचं मिश्रण १६० अंशांवर जास्त चांगलं भाजलं जातं.

बाहेर काढताना बिस्किटं मऊ असणारच. ही कच्ची आहेत असं समजून पुन्हा आत सारणारे पुष्कळ जण आहेत, आणि मग ती विटेसारखी होतात. कडा आणि तळ बदामी झाला असेल तर ती झालेली आहेत. ट्रेमध्येच दहा मिनिटं हात न लावता राहू द्या, तूप थिजलं की ती आपोआप घट्ट होतात. मग जाळीवर काढा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई घ्या. नॉनस्टिक नको, ती रिकामी तापवणं चांगलं नाही. तळाशी बोटभर जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या थाळीत बिस्किटं मांडून आत ठेवा, आच मंद करा, वीस ते पंचवीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. वरून रंग फिका राहतो, चवीत काही कमी येत नाही. ते मीठ गार करून डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरता येतं. अशा दोन कढया शेजारी शेजारी लावल्या तर एका संध्याकाळी पुरेसा डबा भरतो.

नाशकात राहून चिवड्याच्या चुऱ्याबद्दल लिहिलं नाही तर कसं चालेल. डब्याच्या तळाशी राहिलेला पोह्यांचा भुगा, तळलेला कांदा, मसाला, तुटके दाणे हे सगळं खाऱ्या बिस्किटांचं उत्तम सामान आहे. यात साखर जवळजवळ नसल्यामुळे वरचं प्रमाण बदलतं. १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम थालीपिठाची भाजणी, ८० ग्रॅम थंड तूप, एक चमचा साखर, पाव चमचा सोडा, थोडं जिरं. मीठ आधी चिवडा चाखून मगच ठरवा. तूप पिठाला चोळून घ्या, ओल्या वाळूसारखं दिसलं की तीन-चार मोठे चमचे आंबट दही घालून घट्ट गोळा करा. मुठी-दोन मुठी चुरा अगदी शेवटी, लाटण्याआधी मिसळा. आधी घातला तर पोहे दह्याचं पाणी पिऊन मऊ पडतात. बोटाच्या निम्म्या जाडीचं लाटा, वाटीने किंवा सुरीने कापा, काट्याने टोचे मारा आणि १७० अंशांवर वीस मिनिटं. वर आलेले कांद्याचे तुकडे बोटाने आत दाबून टाका, ते पटकन जळतात. माझ्या डब्यातल्या मुलांची मागणी गोडापेक्षा याला जास्त आहे, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्यांची.

भरून ठेवताना बिस्किटं आतपर्यंत गार झालेली हवीत. कोमट भरली तर झाकणाला वाफ धरते आणि सकाळी सगळी मऊ. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी कागद. गोड आणि खारी एका डब्यात ठेवू नका, एकमेकांचा वास लागतो. तुपाची साधी बिस्किटं थंडीत तीन आठवडे छान राहतात, लाडवांची आणि बेरीची आठवड्याभरात संपवा. पावसाळ्यात नरम पडली तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. आणि पुड्या रिकाम्या करताना एका कागदावर पीठ-साखर-तुपाचं वजन लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवा. त्या दिवशी फळीवर जे होतं त्यातून झालेलं मिश्रण पुन्हा जसंच्या तसं मागितलं जातं, आणि तेव्हा ते आठवत नाही.